काकांनी न बघता केलेली सही

काकांनी न बघता सही केली. माझ्यासमोर केली, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या सिटी क्लार्कच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, ऑफिसात, भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर असताना. काकांना न ओळखणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. सही मागितली की माणूस करतो, त्यात काय एवढं. पण त्यांना ओळखणाऱ्या कुणाला मी हे सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल. म्हणून मी सांगितलेलं नाही. घरी बायकोलासुद्धा महिनाभर सांगितलं नव्हतं, कारण त्या सहीत माझाही हात आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्या माणसाचा हात जिथे चुकूनही असू नये नेमका तिथे आहे.

काका नात्यानं माझे कुणी नव्हेत. आमच्या सबडिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलनीत, चार घरं सोडून राहायचे, म्हणून काका. मूळचे साताऱ्याकडचे, उंच, वाळकुडे, शर्टाच्या खिशाला इतर लोक पेन लावतात तिथे यांचा माप घ्यायचा व्हर्नियर. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस-पस्तीस वर्षं ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. काम एकच. आलेला माल बघायचा, मापायचा, बरा असेल तर सही करायची, नसेल तर त्याला लाल टॅग लटकवायचा. लाल टॅग लागला की माल जागचा हलवायचा नाही, मग मालक स्वतः आला तरी. रिटायर होताना काकांनी कंपनीकडून घड्याळ घेतलं नाही, पार्टी घेतली नाही, उरलेल्या लाल टॅगांचं एक खोकं मागून घेतलं.

आम्ही त्या घरात राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच सकाळी माझ्या गाडीच्या आरशाला एक टॅग लटकत होता. त्यावर चार रकाने छापलेले होते: लॉट, दोष, कोणी तपासलं, सही. लॉटच्या रकान्यात माझ्या गाडीचा नंबर, दोषाच्या रकान्यात ‘पुढचा डावा टायर’, तिसऱ्यात काकांचं नाव, चौथ्यात एक थरथरती सही. मी तणतणत त्यांच्या दारात गेलो. काकांनी दार उघडलं, माझ्या हातातला टॅग बघितला आणि म्हणाले, "बदललास का?"

"काका, तुम्ही कोण माझी गाडी तपासणारे?"

"कुणी नाही. चहा घेतोस?"

मी चहा घेतला आणि दुपारी टायर बदलला. टायरच्या दुकानातला माणूस म्हणाला, अजून एकदा बर्फ पडला असता तर तुझं काही खरं नव्हतं. हे मी काकांना सांगितलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

मग मला कळलं की गावातल्या निम्म्या मराठी घरांत काकांचा एखादा तरी टॅग पडून आहे. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत त्यांनी चकलीच्या परातीला टॅग लावला होता, दोष: ‘काटा नाही’. चकल्या ज्यांनी केल्या होत्या त्या बाईंनी दोन वर्षं यांच्याशी अबोला धरला. काकांचं म्हणणं, चकली खमंग होती, मी ती चार खाल्ली, पण ती चकली म्हणून पास होत नव्हती. त्यांच्यासमोर ‘चालतंय’ हा शब्द उच्चारायची सोय नव्हती. "कुणाला चालतंय?" ते लगेच विचारायचे. "त्याचं नाव सांग. सही घे त्याची."

सही हा त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात जपलेला ऐवज होता. जे मी डोळ्यांनी बघितलं नाही त्यावर माझी सही नाही, हे ते दिवसातून एकदा तरी म्हणत. कारखान्यात एकदा त्यांनी ब्रेकच्या भागांचा एक मोठा लॉट अडवला होता. तिकडे गाड्या जोडणारी लाइन थांबून उभी, इकडे मॅनेजर यांच्या टेबलाशी उभा. मॅनेजर आधी समजावणीच्या सुरात, मग चढ्या आवाजात, शेवटी जवळजवळ रडकुंडीला येऊन म्हणाला की कर बाबा सही. काकांनी पेनाचं टोपण लावलं आणि डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली. त्या वर्षी होणारं प्रमोशन झालं नाही, पुढेही कधी झालं नाही. मी विचारलं, "आणि काका, तो माल खरंच खराब निघाला का?"

"काय माहीत. सगळा वितळवून टाकला."

"म्हणजे चांगलाही असेल."

"असेल की," काका म्हणाले. "पण माझ्या सहीनं गेला नाही."

या नियमाचा घरात काय उपद्रव होता ते मला काकूंनी सांगितलं. काकू म्हणजे काकांची बायको, ठेंगणी, हसऱ्या डोळ्यांची, कमी बोलणारी बाई, आणि त्यांच्या घराचा कायदा एकच, पानात काही टाकायचं नाही. अर्धी भाकरी उरली तर त्या समोर बसून राहायच्या, ती संपेपर्यंत. तर यांची मुलगी तिसरीत असताना शाळेची प्राणी बघायला झूमध्ये ट्रिप होती. परवानगीच्या कागदावर बापाची सही हवी. काका म्हणाले, बस कुठली, तिचे ब्रेक शेवटचे कधी तपासले, ते लेखी आणा. शाळा हे लेखी देईना, काका सही करीनात, पोरगी रडून रडून झोपली. सकाळी काकूंनी कागद घेतला, जुना एक चेक समोर ठेवला आणि काकांची सही केली. गोल, भरदार, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. पोरगी झू बघून आली.

तिथून पुढे जे जे पोस्टानं किंवा दप्तरातून घराबाहेर गेलं, त्या सगळ्यावर काकांची सही काकूंनी केली. शाळेचे कागद, दातांच्या डॉक्टरचे फॉर्म, मंडळाची मेंबरशिप, लग्नाच्या आहेराची पाकिटं. काका एखादा कागद तपासायला म्हणून बेसमेंटमधल्या टेबलाच्या खणात ठेवायचे, काकू आठवडाभर वाट बघायच्या आणि मग तो मार्गी लावायच्या. काकांना वाटायचं कागद रद्द झाला, विषय संपला. समोर उभं राहून करायच्या सह्या तेवढ्या त्यांच्या स्वतःच्या: लायसन्स, पासपोर्ट, नागरिकत्व. हे मला माहीत होतं, मुलीला माहीत होतं, मला वाटतं मंडळातल्या बऱ्याच जणांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या काकांना. ते चारचौघांत मान ताठ करून सांगायचे, "माझ्या सहीशिवाय या घरातून कागद बाहेर पडत नाही." आम्ही सगळे चहाच्या कपात बघायचो.

आता अध्यक्षपदाच्या निवडणुकीकडे येतो, कारण काकांचा खरा कस तिथे लागायचा.

मिशिगनमध्ये राहणाऱ्याला निवडणुकीपासून सुटका नाही. उन्हाळा संपला की फोन वाजायला लागतात, पोस्टाची पेटी उमेदवारांच्या दात दाखवणाऱ्या फोटोंनी भरते, शनिवारी दोन वेळा बेल वाजते, एकदा या पक्षाची, एकदा त्या. लोक वैतागलेले असतात. माझ्या ऑफिसात निम्मे लोक म्हणायचे की या खेपेला नाक दाबून मत द्यायचं, आणि उरलेले म्हणायचे नाक दाबूनही जमणार नाही. काका वैतागत नसत. ते इन्स्पेक्शन करत. उमेदवारांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत. एक लॉट ए, दुसरा लॉट बी. दर चार वर्षांनी नवी वही, डाव्या पानावर ए, उजव्या पानावर बी, मागच्या वेळी काय म्हणाला, आता काय म्हणतो, मधे काय केलं. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दोन्ही पानं भरायची आणि दोन्हीखाली एकच शब्द यायचा. रिजेक्ट.

एका निवडणुकीत प्रचाराला आलेल्या एका बाईला त्यांनी घरात बसवून घेतलं. ती खूश झाली, कारण सकाळपासून लोकांनी तिच्या तोंडावर दारं आपटली होती. काकांनी तिला चहा दिला, वही उघडली आणि तिच्या उमेदवाराचं चार वर्षांपूर्वीचं एक-एक आश्वासन वाचून विचारलं, "हे डिलिव्हर झालं? पुरावा?" दीड तासानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या पिशवीला लाल टॅग होता. काकू सांगत होत्या, जाताना ती म्हणाली, मलाही मनातून हेच वाटतं, पण हे काम मला पूर्ण करायचंय.

त्याच वेळी त्यांनी दुसरा पराक्रम केला. आमच्या रस्त्यावर लोकांनी आपापल्या गवतात उमेदवारांच्या पाट्या रोवल्या होत्या. एका सकाळी प्रत्येक पाटीला लाल टॅग. ए आणि बी, भेदभाव नाही, प्रत्येकावर दोष वेगळा आणि खाली सही. त्या रस्त्यावर एकमेकांचं तोंड न बघणारे शेजारी त्या दिवशी पहिल्यांदा एकत्र आले आणि त्यांनी मिळून पोलिसांना फोन केला. पोलीस आला, टॅग वाचले, हसू दाबलं आणि काकांना म्हणाला, दुसऱ्याच्या गवतात पाय ठेवायचा नाही. काकांनी ते मान्य केलं. ते म्हणाले, रस्त्यावरून हात पुरला असता तर पाय ठेवलाच नसता.

मला हे सगळं गमतीचं वाटायचं. एका संध्याकाळी ती गंमत संपली. निवडणूक जवळ आली होती, काका-काकूंच्या मतपत्रिका पोस्टानं घरी आल्या होत्या, आणि काका बेसमेंटमध्ये आपली भरत बसले होते. मी नुसता बघायला म्हणून जवळ गेलो. एकाच पत्रिकेवर लायब्ररीपासून न्यायाधीशांपर्यंत सगळ्या जागा असतात. लायब्ररी बोर्डाच्या उमेदवारांना त्यांनी फोन केले होते, न्यायाधीशांचे निकाल वाचले होते, शाळेच्या बोर्डासाठी दोन सभांना जाऊन बसले होते. सगळीकडचे गोल नीट काळे केलेले. सगळ्यात वरची जागा, अध्यक्षाची, कोरी.

"वरचं राहिलं, काका."

"राहिलं नाही. सोडलं."

"म्हणजे?"

"ऑप्शन दोन, दोन्ही रिजेक्ट. बाकीची नावं आहेत ती तर मालच नाहीत, नुसती खोकी. मी दर वेळी सोडतो."

मला खरंच धक्का बसला. या माणसाच्या हातात मत आहे, तेही मिशिगनमध्ये, जिथे एकेका मतासाठी हे लोक दारं झिजवतात, आणि हा वहीभर तपासणी करून दर वेळी ते फुकट घालवतो. मी म्हणालो, "काका, तुम्ही सही नाही केली तरी माल जातोच ना. लाइन थांबत नाही यार इथं. दोघांतला एक बसतोच."

"बसू दे. माझ्या सहीनं बसला नाही."

"मला चौदा वर्षं झाली इथं. टॅक्स भरतोय, ग्रीन कार्डच्या रांगेत उभा आहे. मला मत असतं तर मी..."

"तुला मत नाही," काका शांतपणे म्हणाले, "म्हणून तुला दोघांतला एक बरा वाटतो. हातात पेन आलं की कळेल."

मला हे लागलं. त्यांनी मतपत्रिका लिफाफ्यात घातली, लिफाफा न चिकटवता, त्यावरची सही न करता खणात ठेवला आणि म्हणाले, शेवटच्या दिवसापर्यंत होल्डवर, मग नेहमीसारखी स्वतः नेऊन देईन. मी वर आलो.

दुसऱ्याच शनिवारी दिवाळीच्या चकल्या होत्या. काकूंचं मनगट दुखायचं, म्हणून सोऱ्या फिरवायला मी जायचो. काका खाली बेसमेंटमध्ये होते. तेल तापत होतं, मी सोऱ्या पिळत होतो, आणि आठवडाभराचा राग त्या पिठासारखा बाहेर आला. मी काकूंना सगळं सांगितलं. दर वेळी कोरं, प्रत्येक वेळी कोरं. काकूंचा झारा हातातच राहिला. त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, एवढी वही लिहितात म्हणजे शेवटी कुणाला तरी देत असतील.

"कोरं?" त्या म्हणाल्या. "एवढं वाढलेलं पान, आणि तसंच ठेवून उठतात?"

"तसंच."

त्यांनी चकली उलटली. थोड्या वेळानं सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "तुझ्या हातात असतं तर कुणाला दिलं असतंस रे?"

"बी," मी म्हणालो. एका क्षणाचा विचार न करता म्हणालो. आदल्या दिवशी ऑफिसात कुणीतरी बीचं एक भाषण दाखवलं होतं, त्यात आमच्या रांगेबद्दल दोन वाक्यं होती. माझी तपासणी एवढीच.

"बरं," काकू म्हणाल्या. "ही बघ, हिला काटा आलाय."

पुढची हकीकत दहा-बारा दिवसांनंतरची. काकांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यांना तपासणीला मी नेलं होतं. परत येताना गाडीतच त्यांचा फोन वाजला. सिटी क्लार्कच्या ऑफिसातून. तुमची मतपत्रिका मिळाली, पण लिफाफ्यावरची सही आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही, येऊन जाता का. काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी आयुष्यात विसरणार नाही. "अरे, मी अजून पाठवलीच नाही," ते म्हणाले. "खणात आहे माझी. सरकारचा दोष सापडला. चल, गाडी वळव." आणि त्यांनी खिशात टॅग आहे की नाही ते चाचपून बघितलं. होता.

मी गाडी वळवली.

खिडकीमागे साठीच्या आसपासची एक अमेरिकन बाई होती, कानात हॅलोविनचे छोटे नारिंगी भोपळे लटकलेले. तिनं अगदी अदबीनं लिफाफा काचेवर धरला आणि शेजारी लायसन्सवरची सही. लायसन्सवर काकांची आताची सही, थरथरलेली, तुटक. लिफाफ्यावर गोल, भरदार, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. बाई हसून म्हणाली, "लिफाफ्यावरची जास्त छान आहे खरं तर, म्हणूनच आम्हाला शंका आली."

काकांनी काळा चष्मा काढला आणि चांगला डोळा काचेला टेकवला. खूप वेळ तसे उभे होते. मग वळले. मी त्यांना पस्तीस वर्षं मुरलेल्या इन्स्पेक्टरच्या चेहऱ्यानं बघताना पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं. हा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

"ही टिंबं मी तीस वर्षांपूर्वी सोडली," ते मराठीत म्हणाले. आणि मग, "तुला माहीत होतं?"

"मतपत्रिकेचं नाही, काका. शप्पथ."

"आणि बाकीचं?"

मी फरशीकडे बघितलं. त्यांना उत्तर मिळालं. तिथल्या तिथे त्यांच्या डोळ्यांसमोरून किती कागद गेले असतील, किती वर्षांचे, मला कल्पनाही करवत नाही. एक हात त्यांनी काउंटरवर टेकवला.

बाईला काही कळलं नव्हतं. तिनं समजावून सांगितलं की काळजीचं कारण नाही, दोन मार्ग आहेत. ही सही तुमचीच असेल तर या फॉर्मवर तसं लिहून सही करा, मत मोजणीला जाईल. तुमची नसेल तर आम्ही ही मतपत्रिका रद्द करतो, नवी देतो, इथेच भरा. पण मग हा लिफाफा मला वर पाठवावा लागेल, कारण कुणीतरी तुमच्या नावानं सही केली असा त्याचा अर्थ होतो आणि तो गुन्हा आहे.

काकांनी विचारलं, "आत काय भरलंय ते मला बघता येईल?"

"नाही. सीलबंद आहे. मोजणीच्या वेळीच उघडतात."

म्हणजे एका बाजूला नवी कोरी मतपत्रिका होती, वरची जागा मोकळी सोडायला तयार. त्यांचा आयुष्यभराचा नियम जसाच्या तसा, फक्त सत्य बोलायचं होतं. आणि दुसऱ्या बाजूला घरी ओट्याशी उभी असलेली काकू. मी मनात म्हणत होतो, हा माणूस आता सत्य बोलणार. मॅनेजर रडला तेव्हा नाही विरघळला, पोरगी रडली तेव्हा नाही विरघळला. आणि आपण किती नीच आहोत हे मला त्याच क्षणी कळलं, कारण चौकशी झाली तर काकू माझं नाव घेतील का, हाही विचार माझ्या डोक्यात येऊन गेला.

काकांनी फॉर्म ओढला. नेहमीप्रमाणे वाचायला घेतील असं मला वाटलं. त्यांनी वाचला नाही. "माझीच आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "म्हातारपण. कधी हात चांगला चालतो, कधी नाही." आणि सही केली. थरथरत, पण पूर्ण. खाली रेघ ओढली आणि थोडं थांबून रेघेखाली दोन टिंबं दिली.

बाईनं आनंदानं त्यांना एक गोल स्टिकर दिला, ‘मी मत दिलं’ असं लिहिलेला. खिशातला लाल टॅग त्यांनी बाहेर काढलाच नाही.

मी इतका हादरलो होतो की पार्किंगमध्ये गाडी कुठे लावली ते आठवेना. अर्ध्या रस्त्यात काकांनी विचारलं, "झूच्या ट्रिपला पोरीला तिनंच पाठवलं होतं का रे?"

"हो. काकूंनी सांगितलं होतं मला."

"बस नीट गेली होती ना?"

"हो."

"आली पण नीट," काका म्हणाले, आणि घरापर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

घरी काकू कणीक मळत होत्या. काकांनी काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. तो स्टिकर त्यांनी ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी ठेवला आणि म्हणाले, "हे तुझं." काकूंनी वाचला. त्यांचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. मग त्या म्हणाल्या, "पानं घेऊ का?" काका म्हणाले, "घे." मी जेवायला थांबलो नाही.

रात्रभर मला चैन नव्हतं. दुसऱ्या दिवशी लंच टाइमला मी गाडीत बसून काकूंना फोन केला. विचारायला घाबरत होतो, तरी विचारलं.

"बीला," काकू म्हणाल्या. "तूच म्हणालास ना."

"काकू, मी नुसतं बोललो होतो."

"मी मात्र नीट ऐकलं," त्या म्हणाल्या. "त्यांचं सगळं त्यांनीच भरलेलं होतं, मी एकच गोल काळा केला. वाढलेलं फुकट गेलेलं मला बघवत नाही रे. तुम्ही पोरं उपाशी उभी तिथं रांगेत, आणि यांचं पान भरलेलं. म्हटलं, तुझ्या पानात पडू दे."

"काकू, हा गुन्हा आहे इथं. तुरुंगात टाकतात."

पलीकडून बारीक आवाजात, "झूच्या कागदासारखंच होतं की." त्या खरंच घाबरल्या होत्या. त्यांना ते तोपर्यंत सुचलंच नव्हतं, आणि एवढं सगळं घडूनही काकांनी त्यांना ते सांगितलं नव्हतं. पुन्हा कधी करणार नाही, असं त्या मला म्हणाल्या. त्यांनी ते मला सांगावं, याचीच मला जास्त लाज वाटली.

बी निवडून आला. त्या रात्री मित्रांच्या घरी पिझ्झा होता, मी टाळ्या वाजवल्या नाहीत, लोकांना वाटलं मी दमलोय. आणि पुढे जे नेहमी होतं तेच झालं. भाषणातली ती दोन वाक्यं बी परत कधी बोलला नाही. आमची रांग जिथे होती तिथेच राहिली, वर एकेक अशी बातमी यायला लागली की सकाळी फोन उघडताना छातीत धडधड व्हायची. ए आला असता तर काही वेगळं झालं असतं असं म्हणायचीही सोय नव्हती. मी पुन्हा काकांच्या घरी जायला लागलो होतो, पण निवडणूक हा विषय त्या घरात कुणी काढत नसे. काकांची वहीही दिसली नाही. कुणाला नवा टॅग लागल्याचंही ऐकलं नाही.

मग त्यांच्या मुलीनं दोघांना आपल्याकडे, दूर दुसऱ्या राज्यात वेस्ट विंडसरला न्यायचं ठरवलं. घर विकायला काढलं. सामान बांधायला मी गेलो होतो. काकू वर भांडी कागदात गुंडाळत होत्या, मी आणि काका बेसमेंट रिकामं करत होतो. त्याच सकाळी आमच्या व्हिसाबद्दल आणखी एक वाईट बातमी आली होती आणि मी स्वतःला आवरू शकलो नाही. टेप लावता लावता बीच्या नावानं शंख करत सुटलो. फसवलं, वापरून घेतलं, एक शब्द पाळला नाही. काका ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी टॅगचं खोकं उघडलं. तळाशी एकच उरला होता.

त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला, वर पेन ठेवलं. "लिही."

मी लॉटच्या रकान्यात बी लिहिलं. दोषाच्या रकान्यात अक्षरं मावेनात, समासात गेलो. तिसरा रकाना आला, कोणी तपासलं.

"तुमचं नाव घालू?" मी विचारलं.

"माझं कसं? मी बघितलाच नव्हता." काकांनी बोट वर केलं. बेसमेंटच्या छताला हीटिंगची जाळी होती, आणि तिच्यातून काकूंचा आवाज अगदी शेजारी बसल्यासारखा येत होता, डब्यांची झाकणं जुळत नाहीत म्हणून त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या.

"चकल्यांच्या दिवशी मी इथंच बसलो होतो," काका म्हणाले. "तिनं विचारलं, तू सांगितलंस. किती पटकन सांगितलंस. मी म्हटलं, पोराचं सगळं आयुष्य त्यावर लटकलंय, त्यानं नक्की बघितलं असणार. त्या खिडकीपाशी मला तेच आठवलं. लिफाफ्यात काय आहे ते मला माहीत होतं. तू तपासलंयस, असं धरून मी सही केली."

एक भाषण, दुसऱ्याच्या फोनवर, कॉफी घेता घेता. हे त्यांना सांगायचं धाडस मला झालं नाही, पण मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर ते सगळं लिहिलेलं होतं.

"तिसरा जमत नसेल तर राहू दे," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. "चौथा भर. मी भरला तसा."

तपासणाऱ्याचा रकाना कोरा ठेवून मी सही केली. काकांनी टॅग उचलला, चांगल्या डोळ्याजवळ नेऊन माझी सही नीट बघितली, आणि वाकून तो माझ्या शर्टाच्या बटणाला अडकवला.